आधी तळ बघा, इंजिन नंतर

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. पत्रलेखक पस्तिशीचे आहेत, स्वतःचं गॅरेज आहे, जुन्या बुलेट आणि जीप नव्याने उभ्या करण्यात हात बसलेला आहे. आता त्यांना बोट करायची आहे, अमेरिकेतल्या हॉट रॉड बोटींसारखी : उघडं चकचकीत इंजिन, वर आलेले एक्झॉस्टचे पाइप आणि पाण्यावर सुसाट वेग. दोन बोटी नजरेत आहेत. पहिली १४ फुटी, सपाट तळाची, हलकी, स्वस्त, इंजिन नसलेली. दुसरी १७ फुटी, खोल व्ही तळाची, वॉटर स्पोर्ट्सच्या धंद्यातून निघालेली आणि तीन पावसाळे माडाखाली उघडी पडलेली. तिच्यावर ६० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन आहे, पण जाम झालेलं. गॅरेजमध्ये मोडीत निघालेल्या एसयूव्हीचं डिझेल इंजिन पडून आहे, ते बोटीत बसवावं असं त्यांच्या मनात आहे. दिवाळीनंतर कामाला लागून शिमग्याला बोट पाण्यात हवी. मोठे भाऊ म्हणतात, "पैसे खाडीतच घालायचे तर सरळ फेक, एवढी मेहनत कशाला?" कुठली बोट घेऊ, डिझेल इंजिन चालेल का आणि दादाला काय सांगू, असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर : तुमच्या पत्रात इंजिनाबद्दल दीड पान आहे आणि बोटीच्या बॉडीबद्दल एकच ओळ : "वरून चांगली दिसते." जीप घेताना तुम्ही असं कधीच करत नसाल. आधी चॅसीखाली झोपून गंज बघता, मग बॉनेट उघडता. बोटीतही तोच क्रम ठेवा. वेगाच्या बोटीत वेग पहिल्यांदा तळात असतो, मग वजनात, आणि त्यानंतर इंजिनात.

तुम्हाला ज्या बोटी आवडल्या त्या कशासाठी जन्मल्या, हे आधी पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात मोटारींची हॉट रॉड करणाऱ्या, म्हणजे वेगासाठी गाड्यांत फेरफार करणाऱ्या पोरांनी तीच फोर्ड व्ही-८ इंजिनं हलक्या, सपाट तळाच्या बोटींत घातली. इंजिन उलटं बसवायचं, शाफ्ट पुढे व्ही-ड्राइव्ह गिअरबॉक्समध्ये न्यायचा आणि तिथून वळवून तळाखालून मागे काढायचा, अशी ती रचना. त्या पळायच्या तळ्यांत आणि बांधीव जलमार्गांत. लाँग बीचचं मरीन स्टेडियम तर १९३२च्या ऑलिंपिकच्या नौकानयनासाठी बांधलेलं, म्हणजे लाट अशी नाहीच. सपाट तळ तिथे राजा आहे, कारण पाणी त्याला पूर्ण उचलतं.

तुमची खाडी तशी नाही. मुखाशी वाळूचा दांडा, दुपारनंतर वायव्येचा वारा, ओहोटी आणि वारा समोरासमोर आले की उभ्या, आखूड लाटा. सपाट तळ ताशी ५० किलोमीटरने अशा लाटेवर आपटला तर कंबर आणि फायबर दोन्ही जातात. शिवाय त्या व्ही-ड्राइव्हचा शाफ्ट आणि पंखा कायम तळाखाली लटकलेले. ओहोटीला एकदा वाळू लागली की शाफ्ट वाकला. ओबीएम टेकलं तर वर उचलता येतं, आणि इथल्या खाड्यांत हा गुण दहा हॉर्सपॉवरच्या मोलाचा आहे. (जेट ड्राइव्हला बाहेर पंखा नसतो हे खरं, पण वाळू त्याचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा आतला पंखा खाते आणि कांदळवनाचा पाला व प्लास्टिक जाळीत अडकतं.)

खोल व्ही तळ, म्हणजे ट्रान्समपाशीही (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपाशीही) २० अंशांच्या वर चढ असलेला, हे खवळलेल्या पाण्यातल्या वेगाचं उत्तर आहे. रे हंट या बोटरचनाकाराने रेखलेल्या अशा तळाच्या 'मॉपी' या बोटीने १९६०ची मायामी-नासाऊ शर्यत खराब समुद्रात जिंकली, तेव्हापासून समुद्रातल्या वेगवान बोटी बहुतेक याच वाटेने गेल्या. सपाट पाण्यावर व्ही तळाला थोडी जास्त ताकद लागते, तेवढी किंमत मोजावी. म्हणून माझा कौल १७ फुटीला, पण खाली सांगितलेल्या तपासण्यांत ती उतरली तरच. १४ फुटी तुम्हाला फक्त आतल्या शांत खाडीत फिरवायची असेल तर वाईट नाही. तिच्यावर ४० हॉर्सपॉवर पुरे.

आता डिझेल. ते फुकट पडलंय म्हणून स्वस्त वाटतं, पण रस्त्यावरची गाडी ८० च्या वेगाला ताकदीचा पाव-एक हिस्सा वापरते. बोट मात्र चढावर गाडी ओढावी तशी सतत ओढत असते, उतार तिला मिळतच नाही. शिवाय त्याला हीट एक्स्चेंजर हवा, कारण खारं पाणी थेट ब्लॉकमध्ये फिरवलं तर बीड आतून खाऊन जातं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पाण्याच्या जॅकेटचा हवा, नाहीतर लालबुंद टर्बो फायबरच्या पेटीत बंद. रिव्हर्स असलेला मरीन गिअर, शाफ्ट, ग्लँड, समुद्राचं पाणी ओढणारा पंप हे वेगळंच, आणि कपलिंगच्या दोन तोंडांतला फरक ०.१ मिमीच्या आत ठेवावा लागतो. एवढं सगळं धरून वजन ३०० किलोच्या पुढे, तेही अशा बॉडीत जी मागे शंभर-सव्वाशे किलोचं ओबीएम टांगायला केलेली आहे. ते इंजिन जीपसाठी ठेवा.

आणि कुणी पेट्रोलचं गाडीचं इंजिन आत बसवणार असेल तर एक गोष्ट कधीच तडजोडीत घालू नये : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या बुडाशी साठते आणि गाडीचा स्टार्टर व डायनॅमो ठिणगी बाहेर टाकतात. मरीन स्टार्टर, मरीन अल्टरनेटर, बुडातली वाफ बाहेर काढणारा, ठिणगी न उडणारा पंखा (बिल्ज ब्लोअर), आणि स्टार्ट मारण्याआधी तो चार मिनिटं चालवणं, एवढं जमत नसेल तर आतलं पेट्रोल इंजिन नकोच.

"जास्त हॉर्सपॉवर म्हणजे तेवढा जास्त वेग" हेही तपासून बघू. पाण्यावर उचललेल्या बोटीचा वेग ढोबळमानाने ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने वाढतो. तुमची १७ फुटी दोन माणसं आणि इंधन धरून ८५० किलो मानली, तर ६० हॉर्सपॉवरला ताशी ५० किलोमीटरच्या आसपास जाईल. १२० हॉर्सपॉवर लावा, इंजिनाचं वजन वाढून ९५० किलो होईल, आणि वेग ७०च्या जवळपास. ताकद दुप्पट, पेट्रोल जवळपास दुप्पट, वेग दीडपटही नाही. आणि पाण्यावर, कमरेइतक्या उंचीवरून, ५० हा वेग बाइकवरच्या शंभरासारखा अंगावर येतो.

म्हणून तपासणी. इसार देण्याआधी चार वस्तू घेऊन जा : पाच फुटी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी, प्लास्टिकचा हातोडा, ५ मिमीच्या ड्रिलची मशिन आणि हॅकसॉचं ब्लेड.

पट्टी तळाच्या मागच्या पाच फुटांवर, कण्याला समांतर, लांबीने लावा. कण्यापासून एक वीतभर अंतरावर, मग मध्ये, मग कडेला, दोन्ही बाजूंना. आता पट्टीखाली उजेड दिसतो का बघा. मध्ये फट असेल तर तिला हुक म्हणतात : ट्रान्समकडचा तळ खाली वाकलेला असतो, तो बोटीचं नाक दाबतो आणि वेग खातो. उलट, पट्टी मध्ये टेकते आणि टोकांना झुलते, तर तो रॉकर. तो असेल तर बोट वेगात डॉल्फिनसारखी उड्या मारत राहते. हॅकसॉचं ब्लेड साधारण ०.६ मिमी जाड असतं. तीन ब्लेडं एकावर एक धरून फटीत शिरत नसतील तर तळ चांगला आहे. पाच शिरली, म्हणजे ३ मिमी, तर दुरुस्ती होते पण वेळ जाईल. फटीत करंगळी गेली तर किंमत कितीही कमी असो, परत या. हुक बहुतेकदा बोट वर्षानुवर्षं दोन चुकीच्या ठोकळ्यांवर ठेवल्याने येतो. माडाखाली ती कशावर टेकवलीय, तेही नीट बघा.

मग हातोडा. ट्रान्समवर वरून खाली, चार-चार बोटांवर ठोका. कोरडं प्लायवूड टणक वाजतं, कुजलेलं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं बद्द. शंका आली तिथे आतल्या बाजूने, इंजिनाच्या बोल्टांखाली आणि पाणी सोडायच्या बुचापाशी, ५ मिमीचं भोक पाडा आणि भुसा तळहातावर घ्या. पिवळट आणि कोरडा असेल तर उत्तम. काळा, ओला आणि आंबूस वासाचा असेल तर ट्रान्सम गेला. तीन पावसाळे बघता तो गेलाच असेल असं धरून किंमत बोला. हीच परीक्षा स्ट्रिंगरांची, म्हणजे तळाला आतून लांबीने धरणाऱ्या दांड्यांची. पाडलेली भोकं इपॉक्सीने बुजवून द्या, मालक हरकत घेणार नाही.

शेवटी बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या आणि रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा करा. फळीखालच्या फोमने शोषलेलं पाणी डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतं. तशाच बोटीच्या मूळ वजनापेक्षा १०० किलो जास्त भरली तर फळी उचकटून फोम काढावाच लागेल.

फक्त ट्रान्सम गेला असेल तर घ्या. ट्रान्सम आणि दोन्ही स्ट्रिंगर गेले असतील तर फक्त बॉडीच्या भंगारभावात मिळाली तरच. त्यात हुकही असेल तर नको.

ट्रान्समचं काम आतून करा, बाहेरची कातडी शाबूत राहू द्या. आतलं फायबर कडेपासून चार बोटं सोडून कापा, कुजलेलं प्लाय पटाशीने काढा, बाहेरच्या कातडीची आतली बाजू ३६ नंबरच्या डिस्कने खरडून पांढरी करा. पुसायचं ते खरडण्याआधी ॲसिटोनने, नाहीतर जुनं मेण डिस्कखाली आणखी आत घासलं जातं. नवीन प्लाय आयएस ७१० शिक्क्याचंच, १८ मिमीचे दोन थर. फर्निचरचं आयएस ३०३ चालणार नाही, दुकानदार कितीही "वॉटरप्रूफ आहे" म्हणाला तरी. आठ बाय चारच्या एका पाटात दोन्ही थर बसतात, ट्रान्सम दोन फुटांपेक्षा खोल नसेल तर.

रेझिन इपॉक्सी घ्या. गावच्या फायबर वर्कशॉपात पॉलिस्टर स्वस्त मिळतं आणि नव्या बॉडीला ते ठीकच आहे, पण जुन्या फायबरला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं, आणि सगळ्या इंजिनाचा धक्का याच एका भिंतीवर येणार आहे. इपॉक्सीबरोबर साधं चॉप्ड मॅट (काचधाग्याच्या तुकड्यांचं कापड) वापरू नका, त्याचा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. ६०० ग्रॅमचं शिवलेलं बायॲक्सियल, म्हणजे दोन दिशांच्या धाग्यांचं कापड घ्या, चार थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन बोटं पुढे बाजूच्या भिंतींवर आणि तळावर चढवत. प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि सगळ्या कडांना आधी पातळ इपॉक्सी पाजा. मग सिलिका घालून घट्ट केलेली, चक्क्याइतकी दाट, चमचा उलटा केला तरी न पडणारी लुकण दातेरी पट्टीने पसरून पाट चिकटवा. क्लॅम्प कडेने लुकण बाहेर येईपर्यंतच आवळा. जास्त आवळलं तर सांधा कोरडा पडतो. सगळं मिळून आठ-नऊ किलो इपॉक्सी धरा.

कोकणातल्या उकाड्यात एका वेळी २५० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. अर्धा किलो डब्यातच राहिलं तर काही मिनिटांत धूर निघतो. डिसेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी सकाळ कामाला सर्वांत चांगली. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट थर येतो, तो साबणपाण्याने धुऊन मगच पुढचा थर लावा. इंजिनाच्या १२ मिमी बोल्टांसाठी आधी १८ मिमीचं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, सुकल्यावर त्यात १३ मिमीचं पाडा. असं केलं तर बोल्टाच्या कडेने पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोहोचत नाही. जुना ट्रान्सम कुजतो तो बहुधा याच भोकांतून. बोल्ट ३१६ स्टीलचे आणि सीलंट पॉलीयुरेथेन, सिलिकॉन नको.

फायबर घासताना रुमाल बांधून चालत नाही, धुळीचा फिल्टर लावलेला मास्क हवा. रेझिनच्या वाफेसाठी वेगळी कार्ट्रिज लागते. आणि पॉलिस्टर किंवा जेलकोट वापरायची वेळ आली तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) आधीच मिसळलेलं रेझिन घ्या. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होतो.

जाम ओबीएमचं तुम्हाला शिकवायला नको : प्लग काढा, पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, आठवडाभर थांबा, फ्लायव्हील पान्याने हलकेच डोलवा. बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतील, पण क्रँकच्या रोलरवर गंजाचे खड्डे दिसले तर त्या इंजिनाची किंमत शून्य धरा आणि चांगलं वापरलेलं ४० किंवा ६० बघा. ४० हॉर्सपॉवरचं यामाहा एंड्युरो किनाऱ्यावर जागोजागी आहे, म्हणजे पार्टही आहेत आणि हात लावणारे मिस्त्रीही. घेताना दोन्ही-तिन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवं, आणि खालच्या गिअरचं तेल दुधासारखं निघालं तर सील गेलेलं आहे. वॉटर पंपाचा इम्पेलर न विचारता बदला. ऑइल बाइकचं टू-टी नको, बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचं टीसी-डब्ल्यू ३ हवं. जुन्या पेट्रोल नळ्या आणि फायबरची पेट्रोल टाकी असेल तर तीही काढा : आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर आणि पॉलिस्टर मऊ करतं आणि दमट हवेतलं पाणी ओढतं. १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा आणि पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवा.

खरी हॉट रॉडगिरी इथून पुढे, आणि तुम्हाला तीच सर्वांत आवडेल. इंजिन किती उंच टांगलं, पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो जेवढा पुढे जायला हवा ते अंतर) किती, वजन कुठे ठेवलं, याने त्याच ६० हॉर्सपॉवरमध्ये वेग बदलतो. सुरुवातीला पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत ठेवा, मग एकेक भोक वर. वळणावर पंखा हवा ओढून इंजिन ओरडायला लागलं की एक भोक खाली. पिचचा हिशोब असा : ५५०० आरपीएम, गिअर १.८५, पंखा १३ इंच पिचचा, म्हणजे घसरण नसती तर ताशी ५९ किलोमीटर. १२ टक्के घसरण धरली की ५२. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम ५५०० वर जातच नसतील तर पिच एक इंच कमी करा, दीडशे-दोनशे आरपीएम वाढतील. चकचकीत पाइप नसतील, पण बॅटरी आणि टाकी एक फूट पुढे सरकवून बोटीच्या उड्या थांबल्या, की तो आनंद तुमच्या ओळखीचा असेल.

शिमगा मात्र विसरा. असं काम अडीचशे तासांच्या खाली होत नाही. फक्त रविवारी आठ तास दिले तरी एकतीस रविवार झाले, आणि पावसाळ्यात फायबरचं काम बंद. हिवाळ्यात बॉडी, पावसात गॅरेजमध्ये इंजिन, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवला की जुळवाजुळव, असा क्रम धरा. घाईने ओल्या हवेत लावलेला थर दुसऱ्या वर्षी सुटतो आणि मग सगळं पुन्हा.

दादांचं बोलणं झणझणीत आहे, पण त्यामागचा हिशोब खोटा नाही. अर्धवट राहिलेल्या बोटी प्रत्येक खाडीकाठी पडल्यात. त्यांना पटवायला जाऊ नका. पैशाचे तीन टप्पे करून दाखवा : बॉडी, इंजिन, मग स्टिअरिंग आणि सामान. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढचा रुपया काढायचा नाही, आणि पहिल्या टप्प्यानंतर थांबावं लागलं तरी दुरुस्त बॉडी विकता येते. वजनकाट्यावर त्यांना घेऊन जा. काट्याचा आकडा घरातल्या वादापेक्षा लवकर पटतो.

खरेदीआधी जवळच्या बंदर कार्यालयात, म्हणजे महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, जुन्या नोंदणीचे कागद दाखवा. इंजिन बदललं तर काय लागेल, तेही तिथेच विचारा. मालकाकडे कागद नसतील तर तो त्याचा प्रश्न आहे, तुमचा होऊ देऊ नका. रापणीच्या जागा, रोवलेली जाळी, डॉल्फिन दिसतात तो पट्टा आणि हिवाळ्यात कासवं येतात ते किनारे इथे पूर्ण वेग नको. मालवणकडे गेलात तर १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, हेही लक्षात असू द्या.

पहिली फेरी भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, भरती टिकलेली असताना, सकाळी वारा उठायच्या आत. आधी अर्धा तास जेट्टीला बांधून ठेवा आणि बुडाशी पाणी येतं का बघा. मग दहा मिनिटं ३००० आरपीएम, परत येऊन ट्रान्समचे बोल्ट पुन्हा आवळा. किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला, लाइफ जॅकेट अंगावर, बरोबर एकच माणूस. पूर्ण थ्रॉटल फक्त वीस सेकंद. आरपीएम आणि जीपीएसचा वेग वहीत लिहा आणि दर फेरीला एकच गोष्ट बदला. वेगात बोट डावी-उजवीकडे डोलायला लागली तर थ्रॉटल झटक्यात सोडू नका, हळूहळू उतरवा, नाहीतर मागची लाट ट्रान्समवर चढते. परत आलात की इंजिनाला नळी लावून दहा मिनिटं गोडं पाणी फिरवा, आणि नळी लावल्याशिवाय जमिनीवर स्टार्ट मारून कुणाला आवाज ऐकवू नका. इम्पेलर कोरडा पळाला की तिथेच जळतो.